गिझरचा ताप

यंत्र बिघडलं की त्याचं काय झालं हे सांगायला प्रत्येक काळात एक ठरलेलं कारण असतं. रेडिओच्या काळात ‘व्हॉल्व्ह गेला’ म्हणायचे. स्कूटरच्या काळात ‘प्लगमध्ये कचरा आलाय’ असायचं, आणि त्यावर उपाय म्हणून भर रस्त्यात स्कूटर आडवी करायचे. टेबलफॅन रेंगाळला की ‘कंडेन्सर गेला’, कॉम्प्युटर रेंगाळला की ‘व्हायरस शिरला’. हल्ली ‘सेन्सर गेला’ म्हणतात. फ्रीज, वॉशिंग मशीन, लिफ्ट, गाडीची काच, गच्चीवरच्या टाकीचा पंप, कशालाही चालतं. सांगणाऱ्याला काही उघडून बघावं लागत नाही आणि ऐकणाऱ्याला आपल्या वस्तूत सेन्सर होता हे कळून जरा बरंच वाटतं.

असं असताना आमच्या गॅस गिझरचा सेन्सर खरोखरच गेला, तेव्हा मात्र कुणाच्याही तोंडून हे कारण निघालं नाही.

आमचा गिझर ड्राय बाल्कनीत आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी म्हणजे जिथे भांडी घासतात, कपडे धुतात, फरशी पुसायची फडकी वाळत घालतात आणि जाळी तुंबली की घोटाभर पाणी साचतं ती जागा. बिल्डरच्या नकाशावर ‘ड्राय’ असं छापलेलं आहे, एवढाच काय तो कोरडेपणा. मात्र गिझर तिथे आहे हे शहाणपणाचं आहे. गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या जागेत तो अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग ना वास. दर हिवाळ्यात पेपरात एखादी तरी बातमी येतेच, त्यामुळे ह्या बाबतीत माझी विनोदबुद्धी चालत नाही. पाणी वाहता वाहता गॅसवर तापवणारं यंत्र १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉगनने काढलं. तो धंद्याने पेंटर. त्या यंत्रातून धूर बाहेर काढायची सोयच नव्हती. म्हणजे गिझरच्या जन्मापासून हा धोका त्याच्यासोबत आहे आणि अजूनही लोक तो बंद बाथरूममध्ये लावून घेतात, कारण ‘पाइप लांब न्यावा लागतो’.

तर डिसेंबर आला, पहाटेचा पारा दहा-बाराच्या घरात उतरला आणि गिझर बोलायला लागला. नळ सोडला की टक-टक-टक, मग भप्प, मग अर्ध्या-एक मिनिटात पीं पीं पीं. त्याच्या छातीवरच्या लाल आकड्यांच्या जागी ‘ई’ आणि पुढे एक अंक. प्रत्येक कंपनीचा ई वेगळा असतो. आमच्या माहितीपुस्तिकेनुसार हा ई म्हणजे ‘पाणी प्रमाणाबाहेर तापले आहे’. आत साबण लावून उभ्या असलेल्या माणसाचं मत ह्याच्या अगदी विरुद्ध होतं. त्याच्या अंगावर येत होतं ते कोमट पाणी, आणि पीं पीं नंतर तर थेट खडकवासल्याचं.

पुन्हा नळ बंद करायचा, पुन्हा सोडायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गिझर निमूट चालायचा. त्या मधल्या वेळात नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर यायचा आणि गिझरच्या डाव्या कुशीत दोन चापट्या मारून जायचा. चालू झाला की श्रेय चापट्यांना. चिरंजीवांना मात्र ह्या बिघाडाबद्दल मनापासून आस्था होती. ‘आई, ई आला!’ ही आरोळी तो इतक्या आनंदाने द्यायचा की शेजारी परीक्षेचा निकाल लागला असं वाटत असणार. कंपनीच सांगते आहे की आज आंघोळ करू नका, यावर तो काय करणार?

गॅस गिझरची रचना मला आवडते, कारण तिथे कुणाचा कुणावर विश्वास नाही. पाणी वाहू लागलं की रबराचा डायाफ्राम ताणला जातो आणि एक बटण दाबतो. ते दाबलं गेल्याशिवाय दोन मोठे सेल ठिणगी सोडत नाहीत. ठिणगी पडली तरी ज्योत पेटली आहे की नाही हे बघायला बर्नरपाशी एक वेगळी कांडी उभी. तिला ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. वीस मिनिटं झाली की टायमर सगळंच बंद करतो, कारण आतला माणूस शुद्धीवर असेलच यावर त्याचा विश्वास नाही. आणि गरम पाणी बाहेर पडतं त्या नळीला चिकटून बसलेला असतो तापमानाचा सेन्सर.

एवढा पहारा कशाला, हे हिशेब केला की पटतं. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॅट लागतात. बादलीत सोडायचा आपला नेहमीचा दीड किलोवॅटचा रॉड घेतला तर असे सात रॉड एकदम. टाकीच्या गिझरला चूक करायलाही अर्धा तास लागतो. ह्याच्या पोटात पाणी काही सेकंदच असतं, त्यामुळे जे काही व्हायचं ते डोक्यावर पाणी ओतलं जाण्याआधीच होऊन गेलेलं असतं. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजू शकतं, म्हणून सेन्सरने सत्तरी पाहिली की आमचा गिझर गॅस तोडतो. हे योग्यच आहे, फक्त त्या सत्तरीला पाणी साक्षीदार असावं एवढीच अपेक्षा.

पहिला उपचार अर्थातच सेल बदलणे. गॅस गिझरला काहीही झालं तरी सेल बदलतात. टॉर्चमधले गिझरमध्ये गेले, गिझरमधले टॉर्चमध्ये आले आणि दोन्ही यंत्रांची प्रकृती होती तशीच राहिली. मग शॉवरची जाळी उघडून सुईने भोकं मोकळी केली. मग दुरुस्तीवाल्याला फोन.

तो दुपारी दोनला आला. दुरुस्तीवाले दुपारी दोनलाच येतात. बाहेर लख्ख ऊन, ड्राय बाल्कनी वर्षातून जेवढी कोरडी होऊ शकते तेवढी कोरडी. त्याने नळ सोडला. टक-टक-भप्प. आकडे चढत गेले: तेवीस, तीस, अडतीस, त्रेचाळीस. तिथेच थांबले. पाच मिनिटं झाली, ई नाही, पीं नाही. इतकं सालस वागणं त्या गिझरने आम्हाला कधी दाखवलं नव्हतं.

‘ताई, ठणठणीत आहे हा. वापरायला चुकत असाल तुम्ही.’

नळ सोडण्यात काय चुकणार, असं मी विचारलं. त्यावर त्याने विषय क्षारांकडे नेला. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं आणि त्यात भांड्यांवर पांढरी पुटं चढवण्याइतके क्षार असतात हे खरं आहे. त्याने कॉइल सोडली, ॲसिड मारलं, बाल्कनीत खोकला उठवला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ई. पुढच्या भेटीत, पुन्हा दुपारी दोनलाच, त्याने ‘आता किट बदलावं लागेल’ म्हणून सांगितलं. किट म्हणजे काय हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ते ‘वरून मागवावं’ लागतं आणि यायला वेळ लागतो.

आमच्या वरच्या मजल्यावर टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे पिवळा मल्टिमीटर आहे आणि तो बाहेर काढायला त्यांना निमित्त मिळत नाही, ही त्यांची खंत सोसायटीत सर्वांना माहीत आहे. जिन्यात नवऱ्याने गिझरचा विषय काढला आणि चहाच्या वेळेला काका मीटर, पेचकस आणि वाचायचा चष्मा घेऊन हजर झाले. सेन्सरचा प्लग काढून त्यांनी तो हातावर ठेवला. दोन बारीक वायरींच्या टोकाला एक काळा मणी, नळीला लावायची एक चाप, बास. मला वाटलं होतं बरंच काही असेल.

‘याला थर्मिस्टर म्हणायचं,’ काका म्हणाले. तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो. ह्या मण्याचं उलटं. तापला की विरोध मावळतो. १८३३ साली मायकेल फॅरडेला सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा उफराटा स्वभाव दिसला आणि त्याने तो नोंदवून ठेवला, हेही काकांनी सांगितलं. तापल्यावर विरोध मावळणारा एकही घटक आमच्या घरात नसल्याने आम्ही ते कौतुकाने ऐकलं. २५ अंशांना दहा हजार ओहम. मुठीत धरला की सात हजारांच्या खाली. पन्नास अंशांच्या पाण्यात साडेतीन हजार. बर्फात बत्तीस-तेहतीस हजार. गिझरमधलं सर्किट फक्त हा रोध वाचतं आणि त्यावरून अंश छापतं. पाण्याशी त्याची प्रत्यक्ष ओळख नाही.

मग परीक्षा झाली. मुठीत धरून झाला. फ्रीजरमधला बर्फ वाटीत आला, थर्मामीटर लावून कोमट पाणी झालं. काका शिस्तीचे. मणी ओला होऊ नये म्हणून त्यांनी तो दर वेळी प्लॅस्टिकच्या बारक्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून मगच पाण्यात सोडला. सगळे आकडे बरोब्बर आले.

‘सेन्सर निर्दोष आहे,’ काका म्हणाले. ‘बोर्ड गेलाय.’

बोर्डाची किंमत ऐकून नवऱ्याने नवीन गिझरच्या जाहिराती बघायला सुरुवात केली.

रात्री न्यू जर्सीतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या तळघरात भिंतीवर टँकलेस हीटर आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. तिथे पाणी आत शिरताना एक सेन्सर, बाहेर पडताना दुसरा, मिनिटाला किती वाहतंय ते मोजायला तिसरा. घरच्यांनी १२० फॅरनहाइट म्हणजे ४९ अंश ठरवले की बोर्ड गणित करून ज्योत लहानमोठी करत राहतो. बाहेरचा सेन्सर बिघडला तर शॉवरमध्ये क्षणात ग्रीष्म, क्षणात शिशिर. तेव्हा त्याने विचारलं, ‘मामी, तुमचा सेन्सर नेमकं कंट्रोल काय करतो?’

चांगला प्रश्न होता. आमच्या मॉडेलमध्ये गॅस किती सोडायचा ते माणसाने खटका फिरवून ठरवायचं, पाणी किती ते दुसरा खटका फिरवून. सेन्सरला अधिकार दोनच: आकडा दाखवणं आणि काम बंद पाडणं. भाचा बराच वेळ गप्प राहिला. त्याला अमेरिकेत जाऊन बरीच वर्षं झाली.

ह्या सगळ्यात सासूबाईंचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्या तांब्याच्या बंबावर वाढलेल्या. खाली जाळ, मधून धुराडं, वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी घंगाळात. बंबाला आकडा नव्हता. घंगाळात हात घालायचा, चटका बसला तर विसण घालायचं. तान्ह्या बाळासाठी मात्र कोपर, कारण भांडी घासून, भाकऱ्या भाजून बायकांच्या हाताला चटका लवकर कळत नाही. ह्या पद्धतीने त्यांनी दोन पिढ्या न्हाऊ घातल्या आणि एकही ई आला नाही.

हाताची मोजणी भरवशाची नसते हे मला मान्य आहे. सतराव्या शतकात जॉन लॉकने लिहून ठेवलंय की तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला ऊन लागू शकतं. तुम्हीही एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात बुडवून ठेवा आणि मग दोन्ही कोमटात घाला, दोन्ही हात वेगवेगळी साक्ष देतील. आमच्याकडे तर साक्ष देणारे वेगळे आणि आकडा बघणारे वेगळे. आंघोळ करणारा आत, आकडा बाहेर बाल्कनीत. त्यामुळे रोज सकाळी मुलगा गिझरसमोर उभा राहून धावतं समालोचन करायचा, ‘चौसष्ट… सदुसष्ट… बाबा, सत्तर!’ आणि आतून बाबा ओरडायचे, ‘गार आहे रे!’ समालोचनावर कुणाला शंका आली नाही. आकडा लाल होता, चौकोनी होता, कंपनीने छापलेला होता. बाबा मात्र उघडे होते आणि थंडीने कुडकुडत होते, म्हणजे त्यांचं मत धरण्यात अर्थ नव्हता.

सासूबाई पहाटे साडेपाचला उठतात. मी चहा टाकत होते आणि त्या बाल्कनीत उभ्या. तिथूनच त्यांनी विचारलं, ‘अगं, अजून पेटलाच नाही, मग साठ कसले?’

मी गॅस बारीक करून बघायला गेले. आत मुलाच्या नावाने बादली भरायला नुकताच नळ सोडलेला. गिझर टक-टक करत होता, भप्प व्हायचं होतं. रात्रभर गारठलेली नळी, टाकीतलं बर्फगार पाणी, आणि आकडा साठ. दिवा लागला तोच साठावर. तिथून त्याला सत्तरी गाठायला किती वेळ लागणार? इतके दिवस आम्ही सगळे शेवटचा आकडा बघत होतो. पहिला आकडा कुणी बघितलाच नव्हता, कारण पहिल्या आकड्याच्या वेळी आम्ही सगळे पांघरुणात असायचो.

काकांना उठवलं. ते माकडटोपी घालून, मीटर घेऊन सहाच्या आत खाली आले. यापूर्वी कुणी त्यांच्या ज्ञानाची इतक्या पहाटे मागणी केली नसावी. मण्याची चाप काढली, पिना लावल्या. त्या गारठ्यात रोध तेरा-चौदा हजारांच्या घरात हवा होता. मीटरवर अडीच हजार. काकांनी मणी कंदिलाच्या काचेपाशी न्यावा तसा चष्म्यापाशी नेला. वायर जिथे मण्यात शिरते तिथल्या लेपाला केसाएवढी चीर होती, आणि चिरेत दव.

मग सगळं जागेवर बसलं. रात्री भांडी घासून झाली की बाल्कनी दमट. ती ओल चिरेतून आत जायची आणि टँकरच्या क्षारांमुळे वीज मण्याला वळसा घालून त्या ओलीतून पलीकडे पोचायची. रोध पडला की बोर्डाला वाटायचं, पाणी तापलं. दोन-तीनदा पेटून नळी गरम झाली की ओल उडायची, म्हणून चौथ्या खेपेला चालायचा आणि चापट्यांना श्रेय मिळायचं. दुपारी दोनला तर हाडापर्यंत वाळलेला. आणि काकांनी ज्या पिशवीत गुंडाळून त्याची परीक्षा घेतली, त्या पिशवीने त्याला नेमका त्याच्या रोगापासून वाचवला होता. हे काकांच्या लक्षात आमच्या आधी आलं. ते एवढंच म्हणाले, ‘पद्धत बरोबर होती,’ आणि ती होतीच.

नवीन मणी आणायला नवरा आणि काका बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. तिथल्या दुकानदारांना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरूनच कळतं की ह्याला काही कळत नाही. ‘दहा के का पन्नास के?’ ‘दहा के.’ ‘बीटा? ३९५० का ३४३५?’ नवऱ्याने काकांकडे पाहिलं. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. बीटा चुकला तर मोठी गंमत होते. २५ अंशांना दोन्ही मणी खरं बोलतात, आणि पंचेचाळिशीला पोचेपर्यंत दोघांत तीन अंशांचा फरक पडलेला असतो. म्हणजे दुकानात तपासला तर चोख, न्हाणीघरात थापाड्या. ‘चापवाला का स्क्रूवाला?’ हे मात्र नवऱ्याने सांगितलं, छातीने. किंमत दोन वडापावांएवढी. येताना दोघांनी दोन-दोन वडापाव खाल्ले, म्हणजे दुरुस्तीपेक्षा नाश्ता महाग पडला. मणी बसवल्यावर काकांनी जोडावर सिलिकॉनचा लेप फासला आणि वर फुग्याचं रबर कापून बांधलं. कंपनीने हे आधीच करायला काय हरकत होती, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकडा एकोणिसावर उघडला आणि सावकाश चढत एकेचाळिसावर थांबला. आतून नवऱ्याचा गाण्याचा आवाज आला. हे एक सोडलं तर दुरुस्तीचा दुष्परिणाम काही नाही. चिरंजीवांचा आधार तुटला होता, पण त्याने आकडा नीट वाचला आणि म्हणाला, ‘आई, एकोणीस अंश म्हणजे पाणी किती गार आहे बघ. अशा पाण्याला तापायला वेळ द्यायला हवा. मी दुपारी करतो.’ सासूबाईंनी त्याला दंडाला धरून आत घातलं.

आणि परवा दुरुस्तीवाल्याचा फोन आला. किट वरून आलं होतं. मी म्हटलं, गिझर चालू झाला, मणी बदलला, ओल शिरली होती.

‘मग मी काय म्हणत होतो ताई? ठणठणीत आहे म्हणून. तरी किट बदलून घ्या आताच. पुढच्या थंडीत मिळायचं नाही. दुपारी येऊ का, दोनच्या सुमारास?’